दोर धरणारा

गोंडपिपरीच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. नंतर जे काही घडले ते कुंचल्याने आणि थोडे लेखणीने. मे २०१८ मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याचे एक चित्र दर्शनी भिंतीवर काढावे असे ठरले आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आले.

मी जन्मात बर्फाचा डोंगर पाहिलेला नाही. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होतात, तिथून आमचे गाव फार दूर नाही. धानाच्या बांध्या, सागवान, बांबू, मोह. आमच्या मुलखात उंच म्हणजे मोहाचे झाड. तरी वर्तमानपत्रातली छायाचित्रे समोर ठेवून मी एक पांढरा डोंगर उभा केला. माथ्यावर पाच आकृत्या, हातात झेंडा, आणि कमरेपासून खाली लोंबणारा तांबडा दोर. तो दोर कुठे न्यावा हे न सुचल्याने भिंतीच्या खालच्या कडेपर्यंत आणून सोडून दिला. रंग ओला असतानाच सातवीतला एक मुलगा मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "सर, खाली कोनी धरलाच नाई का?"

"चित्र तिथेच संपते," मी म्हणालो.

उत्तर चित्रापुरते बरोबर होते. पण काही प्रश्न असे असतात की ते ज्याने विचारले तो विसरून जातो आणि ज्याने टाळले त्याच्याकडे ते मुक्कामाला राहतात. दीड वर्षाने हा प्रश्न पुन्हा माझ्यासमोर आला, तो साडेतीनशे फूट उंचीवर.

आम्ही चौघे शाळासोबती. एक वनरक्षक झाला. एक वडिलांची धानाची गिरणी चालवतो. मी मास्तर. चौथा पुण्याला कारखान्यात लागला आणि तिथे त्याला डोंगराचे वेड लागले. वीस वर्षे तो सह्याद्रीचे कडे आणि सुळके चढतो आहे. दिवाळीला गावी आला की त्याचे हात पाहून आम्ही थट्टा करायचो, की कारखान्यात काम करतोस की खाणीत? २०१९ च्या दिवाळीत तो एक दोर घेऊन आला आणि म्हणाला, "चाळिशी उलटली. आता नाही तर कधीच नाही. जानेवारीत वानरलिंगी चढायची."

मग गिरणीमागच्या चिंचेवर आमचे शिक्षण सुरू झाले. चढायला त्याने नंतर शिकवले. आधी धरायला शिकवले. फांदीवरून दोर टाकून त्याच्या एका टोकाला धानाचे पोते बांधायचे, ते वर ओढून एकदम सोडून द्यायचे आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याने ते जमिनीवर पडण्याच्या आत थोपवायचे. माझे पोते दोनदा फुटले. वनरक्षकाचे एकदा. गिरणीवाल्याचे एकदाही पडले नाही. लहानपणापासून पोत्यांशी व्यवहार असल्याने त्याला वजनाची चाहूल आधी लागत असावी. "हा आपला धरणारा," पुण्याच्या मित्राने तिथेच ठरवून टाकले.

जे कधी या वाटेला गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सुळका एका दमात चढता येत नाही. दोराची लांबी संपते, म्हणून चढाईचे टप्पे पाडावे लागतात. पहिला माणूस कमरेला दोर बांधून निघतो. खालचा त्याला हाताहाताने दोर देत राहतो. वाटेत कातळात ठोकलेल्या मेखांमध्ये पहिला आपला दोर अडकवत जातो. तो सुटलाच, तर खालच्याने दोर आवळून त्याला त्या शेवटच्या मेखेवर थोपवायचे. उभे राहण्याजोगी कपार मिळाली की पहिला स्वतःला कातळाशी बांधतो आणि ओरडतो, "मी सुरक्षित आहे, दोर सोड!" मग तो वरून दोर घेऊन दुसऱ्याला वर घेतो. सारी चढाई या एका हाकेवर चालते. ती येईपर्यंत खालच्या माणसाला नाक खाजवण्याचीही मुभा नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर आले, ते ताणतात आणि झटका गिळतात, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाले आहे. पण दोर कशाचाही असला तरी तो कुणाच्या तरी हातात असावा लागतो. त्याला अजून पर्याय निघालेला नाही.

निलगिरीच्या कड्यांवरून आग्या मोहोळाचा मध काढणाऱ्या कुरुंब लोकांत म्हणे अशी रीत आहे, की कड्यावर लोंबकळणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावाने धरायचा. आपली बहीण विधवा व्हावी असे कुणाही भावाला वाटणार नाही, एवढा साधा हिशोब त्यात आहे. आमच्या वनरक्षकाने ही गोष्ट ऐकली आणि गिरणीवाल्याकडे पाहून म्हणाला, "आपल्याकडे मेहुना नाई गा, याच्यावरच भागवा." आम्ही खूप हसलो.

जानेवारी २०२० मध्ये आम्ही नागपूरहून रात्रीची गाडी धरून पुण्याला गेलो. दोन दिवस लहान कातळांवर हात बसवला आणि तिसऱ्या पहाटे जुन्नरजवळच्या घाटघरहून निघालो. जीवधन किल्ल्याच्या शेजारी वानरलिंगी एकटीच उभी आहे. खडा पारशी असेही तिचे नाव आहे. पायथ्याशी उभे राहून वर पाहिले तेव्हा, इतक्या लांब येऊन परत जाणे बरे दिसणार नाही, एवढाच विचार मला चढायला पुरला.

चढाईचे वर्णन करीत नाही. भीती ही सगळ्यांची सारखीच असते. तिच्यात सांगण्यासारखे फार नसते. एवढेच सांगतो, की तोंड कातळाला लावून, बोटे एका बोटभर खाचेत रोवून उभे असताना कमरेचा दोर किंचित ताणला गेला की कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखे वाटते. दर टप्प्यावर गिरणीवाल्याने पहिल्याचा दोर धरला. शेवटच्या टप्प्याच्या आधी एका अरुंद कपारीत आम्ही चौघे पाठ टेकून बसलो. त्याचा खांदा भरून आला होता. तो म्हणाला, "जा गा तुमी. मी इथंच बसतो. कोनी तरी खाली पायजेच ना."

त्याचे खरेही होते. वर जाताना एका ठिकाणी आडवे सरकावे लागते. तिथे माणूस सुटला तर वरचा दोर त्याला लंबकासारखा झोकून कातळावर आपटतो. म्हणून मधल्या माणसाला दोन दोर, एक वरून आणि एक खालून. पहिला गेला, वनरक्षक गेला, शेवटी मी निघालो. वारा इतका होता की हाक ऐकू गेली नसती. म्हणून खूण ठरली: वर पोचून स्वतःला बांधले की मी दोराला तीन हिसके द्यायचे, मग त्याने सोडायचा.

मी पोचलो. खालचा दोर कमरेतून सोडवून मेखेत अडकवला, स्वतःला दुसऱ्या दोराने बांधून घेतले, आणि उभा राहिलो. पश्चिमेला सारे कोकण पायाखाली पसरलेले. एका बाजूला जीवधन, दुसऱ्या बाजूला नाणेघाट आणि नानाचा अंगठा. सातवाहनांच्या काळी याच घाटाने कोकणातला माल वर चढत असे. तिथल्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि जकातीच्या नाण्यांचा म्हणून लोक दाखवतात तो दगडी रांजण आहे. मी हे सारे उत्साहाने दोघांना सांगत होतो. मास्तराला उंची मिळाली की तो व्याख्यान देतो. मग आम्ही फोटो काढले. तिघांचा मिळून, मग एकेकाचा. गुळपोळी खाल्ली. वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील.

दोरावरून उतरत मी कपारीत आलो तेव्हा गिरणीवाला होता तसाच बसलेला होता. मान वर, डोळे लाल, दोन्ही मुठींत दोर आवळलेला. मला पाहून म्हणाला, "पोचलास का गा? मले वाटलं तू अजून टांगूनच हायेस."

"अरे, मी केव्हाच पोचलो. सोडून द्यायचा होतास!"

"तू सांगितलं नाईस. मी कसा सोडू?"

त्याची बोटे उघडेनात. मागून वनरक्षक उतरला, त्याने ती एकेक करून सरळ केली.

या प्रसंगात कुणाचे काही बिघडले नाही. बोटे संध्याकाळपर्यंत मोकळी झाली आणि रात्री त्याच हातांनी त्याने आम्हाला पिठले वाढले. तरीही मला तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाही. मी माथ्यावर नेमका केव्हा पोचलो? पाय टेकला तेव्हा, असे कुणीही म्हणेल. पण त्या क्षणी, आणि त्यानंतरची पंचवीस मिनिटे, माझ्या एका मित्राच्या लेखी मी कड्यावर लोंबकळत होतो. तो माझे नसलेले वजन पेलत होता. मी ज्या माणसाच्या बळावर चढलो त्याच्यासाठी मी पोचलोच नव्हतो. मग माझे पोचणे हे खरे कितपत?

शिखराच्या बाबतीत जगाला एकच प्रश्न सुचतो, पहिला कोण. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले तेव्हा पहिले पाऊल कुणाचे यावरून केवढा वाद झाला! शेवटी १९५५ मध्ये तेनसिंगने आपल्या आत्मकथनात सांगून टाकले, की हिलरी दोन पावले पुढे होता. दोराने बांधलेल्या दोन माणसांना हा प्रश्न मुळात निरर्थक वाटत होता, हे त्यातून दिसते. पण त्या मोहिमेतला मला आठवतो तो प्रसंग दुसऱ्या दिवशीचा. खालच्या तळावर मोहिमेचा नायक जॉन हंट वाट पाहत होता. उतरणाऱ्या आकृत्या दिसू लागल्या, पण त्यांच्या चालण्यावरून काही कळेना; हंटला वाटले, गेले सगळे फुकट. तेवढ्यात त्यांच्यातल्या जॉर्ज लोने बर्फाची कुऱ्हाड उचलून शिखराकडे रोखली. खालची माणसे धावत सुटली. हा लो स्वतः माथ्यावर गेला नव्हता. ल्होत्सेच्या बर्फभिंतीवर दिवसचे दिवस पायऱ्या खोदून वाट करणाऱ्यांपैकी तो एक. त्याला ठाऊक होते, खाली कुणाचा जीव टांगलेला आहे ते. माझ्या मते एव्हरेस्टची ती चढाई साडेअकराला शिखरावर पुरी झाली नाही. ती दुसऱ्या दिवशी त्या उचललेल्या कुऱ्हाडीने पुरी झाली.

आपल्या भाषेत दोराचा एक वाक्प्रचार आहे, परतीचे दोर कापणे. १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईत तानाजी पडला, मावळे माघारी फिरू लागले, तेव्हा दोर कापून टाकले आहेत असे सूर्याजीने त्यांना सांगितल्याची कथा आपण चौथीत शिकतो. रणांगणावर ते योग्यच होते. पण रणांगण नसतानाही दोर कापणारी माणसे आपण पाहतो. गाव सुटते, भाषा बदलते, खालच्या माणसाला ओळख देण्याचेही जड होते. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मीही माझ्या कादंबऱ्यांतून त्यांना झोडपले आहे.

दुसरी एक जात आहे, तिच्याविषयी कुणी लिहीत नाही. कारण लिहिणारे बहुधा त्याच जातीचे असतात. ती दोर कापत नाही आणि सोडायलाही सांगत नाही. सत्कार समारंभात ही माणसे हात जोडून म्हणतात, "मी आपल्या ऋणातच राहणे पसंत करीन." टाळ्या पडतात. पण हे वाक्य नीट ऐका. ऋणात राहणे पसंत करणारा सुखात असतो. ज्याने दिले तो मात्र अजून देणाराच असतो. कृतज्ञतेचा हा सर्वात स्वस्त प्रकार आहे. तीन हिसके न देता माथ्यावर गुळपोळी खाताना मी माझ्या मित्राविषयी कृतघ्न नव्हतो. कुणी विचारले असते तर मी त्याच्यावर सुंदर भाषण केले असते.

परतीच्या गाडीत रात्री दोघे झोपले होते. गिरणीवाला आणि मी दाराशी उभे होतो. मी विचारले, "खांदा एवढा दुखत होता?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दुखत होता. पन कोनी दुसऱ्यांदा इचारलं असतं त आलो असतो."

आम्ही दुसऱ्यांदा विचारले नव्हते. उन्हे उतरू लागली होती आणि त्याचे नको म्हणणे आम्हाला सोयीचे होते. वर पोचलेला स्वतःला बांधून घेतो तो कशासाठी? पुढच्याचा दोर धरण्यासाठी. चढाईचा नियमच तसा आहे. म्हणजे ठरलेल्या तीन हिसक्यांचा अर्थ दुहेरी असायला हवा होता: मला सोड, आणि आता मी तुला धरतो, तू ये. मी पहिला अर्थ विसरलो. दुसरा तर आमच्यापैकी कुणाच्या मनातही आला नाही.

गाडीत तसाच उभा असताना मला माझा मोठा भाऊ आठवला.

वडील गेले तेव्हा दादा सातवीत होता आणि मी दुसरीत. त्याने शाळा सोडली आणि नांगर धरला. त्या बांध्यांच्या धानावर मी मॅट्रिक झालो, चित्रकलेचे शिक्षण घेतले, नोकरीला लागलो. मला पगार सुरू होऊन वीस वर्षे उलटली तरी दर वर्षी चुरणे झाले की दादाकडून तांदळाचे पोते येते. २०२० च्या टाळेबंदीत एसटी बंद होती. तरी तो सायकलच्या मागे अर्धे पोते बांधून आला. वाटेत पोलिसांनी अडवले होते म्हणे. दुकाने बंद, याचे कसे होत असेल, ही त्याची काळजी. माझा पगार चालू होता, आणि हे त्याला सांगायचे मला सुचले नव्हते.

आमच्या घरात एक वाक्य फार जुने आहे: दादाला शाळेची गोडीच नव्हती. आई म्हणायची, नातेवाईक म्हणायचे, मीही सर्वांना तेच सांगत आलो. त्या कपारीतल्या माणसाला वर यायचेच नव्हते, या वाक्याचे हे सख्खे भावंड. खाली राहणाऱ्याला खालीच बरे वाटते, अशी वर गेलेल्यांची एक सोयीची समजूत असते. ती खोटी असेलच असे नाही. काहींना खरोखर वर जायचे नसते. बांधीत उभे राहून रोवणी करणे हे शिखर गाठण्यापेक्षा कमी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. सारेच वर गेले तर खायचे काय? खाली राहण्यात अन्याय नाही. अन्याय न विचारण्यात आहे, आणि माझे पोचून झाल्यावरही त्याच्या मुठी आवळलेल्या ठेवण्यात आहे.

गेल्या चुरणीला मी गावी गेलो. मनाशी वाक्य जुळवून नेले होते. दादा खळ्यावर पोते भरत होता. मी म्हणालो, "दादा, आता मला तांदूळ देत नको जाऊ. माझे चांगले चालले आहे."

त्याचा हात थांबला. चेहरा असा झाला, की मी काहीतरी तोडले हे मला दिसले. मी सोड म्हणालो होतो. त्याला कापल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मंग येशील कायले? तू त तांदूर न्यायलेच येतेस."

हे खरे होते. वीस वर्षांत त्या पोत्याखेरीज मी दुसरा दोर शिल्लकच ठेवला नव्हता. तो सोड म्हणण्याआधी माझ्याकडून एक खाली जायला हवा होता, ही गोष्ट चढाईच्या पहिल्या धड्यातली. आणि ती मला चिंचेखाली दोन पोती फोडूनही समजली नव्हती.

मग मी त्याच्याजवळ बसलो आणि त्याला वानरलिंगीची सारी हकिगत सांगितली. कपार, वारा, तीन हिसके, मित्राची बोटे. तो लक्ष देऊन ऐकत होता. "किती उंच म्हनतेस?" त्याने विचारले. साडेतीनशे फूट, मी म्हणालो. त्याने धुऱ्यावरच्या मोहाकडे पाहिले, मनात मोहावर मोह ठेवून पाहिले असावेत, आणि मान हलवली. "धरनारा पक्का पायजे मंग."

"दादा, तुला पुढे शिकायचे होते का?"

त्याने माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी पहिल्यांदाच विचारले असावे. दुसऱ्यांदा विचारण्याची गोष्ट तर दूरच. उत्तर त्याने दिले नाही. कोपराने पोते स्वतःकडे ओढले, तोंड आवळले आणि अंबाडीच्या दोरीचे एक टोक माझ्या हातात दिले.

"धर," तो म्हणाला. "नीट धर. मी सांगू तवा सोड."

मी धरले.